तीनशेची लेन्स पुरे आहे, पक्षी लहान येऊ द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी नाशिकचा, वय ४८, सातपूरला नोकरी. २००९ ते २०१५ या काळात जवळजवळ प्रत्येक रविवारी नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात आणि सुटी मिळाली की ताडोबाला जायचो. मग मुलांच्या शाळा, घराचे हप्ते, वडिलांचं आजारपण यात कॅमेरा कपाटात गेला तो गेलाच. आता पुन्हा सुरू करावंसं वाटतंय. स्पर्धा नको, पैसा नको, फक्त स्वतःसाठी. जवळ निकॉनची डी७००० आणि जुनी ३०० एमएम एफ/४ लेन्स आहे. आज सगळ्यांकडे मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले नवे कॅमेरे, आणि ६०० एमएमची लेन्स दिसते. कॅमेरा बदलू का? सुरुवात कुठून करू? आणि प्रत्येक पक्ष्याचे इतके सुंदर फोटो आधीच उपलब्ध असताना मी काढण्यात काही अर्थ आहे का? परवा जुनी हार्डडिस्क लावली तेव्हा २०१२ चा एक फोटो सापडला. धुकं, बांध आणि लांबवर चमचा पक्ष्यांची बारीक रांग. तेव्हा पक्षी फार लहान आले म्हणून फसलेला समजून बाजूला टाकला होता."

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मी तीन वेळा वाचलं. तो फोटो तुम्ही फसलेला म्हणून बाजूला टाकलात, पण डिलीट केला नाहीत. त्या काळात आपण रविवारी रात्री बसून दोन-दोन हजार फ्रेम उडवत होतो. ओठ घट्ट मिटून, एकामागून एक. त्या कत्तलीतून हा एक वाचला. तो का ठेवला, हे तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मला वाटतं तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या फोटोतच आहेत. ती कशी, ते सांगण्याआधी माझी हकिकत सांगावी लागेल.

मी १९९८ पासून फोटो काढते. आधी फिल्मवर, नंतर डिजिटलवर. शाळेत शिकवून उरलेला सगळा वेळ यातच जायचा. २०१३ मध्ये मी थांबले आणि पुढची सात वर्षं कॅमेरा उचललाच नाही. लोकांना कारण सांगितलं ते आईच्या अंथरुणाचं, आणि ते खरंही होतं. पण त्याआधीची दोन वर्षं मी आतून रिकामी झाले होते. ताडोबात एका वाघिणीसमोर आमच्या जिप्सीसह चौदा गाड्या उभ्या होत्या. सगळ्यांची शटरं एकाच वेळी वाजत होती. घरी आल्यावर माझा फोटो पाहिला. चांगला होता, शार्प होता, आणि उरलेल्या तेरा गाड्यांतल्या कुणाचाही असू शकला असता. तेव्हापासून कॅमेरा हातात घेतला की मला हिशेब लिहायला बसल्यासारखं वाटायचं. कोणती जात झाली, कोणती राहिली.

जानेवारी २०२० मध्ये नांदूर मध्यमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाल्याची बातमी आली. शेजारच्या काकू पेपर घेऊनच दारात आल्या, "तुमचं नांदूर छापून आलंय बघा." तुमचं नांदूर! सात वर्षं मी तिकडे फिरकले नव्हते. पुढच्याच रविवारी गेले. कॅमेरा घेतला होता, पण गाडीतच ठेवला होता.

तिथे बांधावर एक मासेमार काका भेटले. पूर्वी मी त्यांच्या होडीजवळ तासन् तास बसायचे, म्हणून त्यांनी ओळखलं. गप्पा झाल्या. २०१९ च्या ऑगस्टमधला गोदावरीचा पूर कसा आला, पाणी कुठवर चढलं, ते सांगत होते. मग समोर हात करून म्हणाले, "इथं ते लव्हाळ्याचं बेट होतं ना, ते गेलं त्या पुरात. ताई, तुम्ही तर लई फोटो काढेल आहे. त्या बेटाचा असंल ना एखादा? पोराला दाखवतो, त्याचा आजा तिथं जाळं वाळवायचा."

मी घरी येऊन शोधलं. दोन रात्री शोधलं. त्या बेटावर बसलेल्या पक्ष्यांचे माझ्याकडे शेकड्यांनी फोटो निघाले. जांभळी पाणकोंबडी, पिलाला भरवणारी. राखी बगळा, गळ्यात मासा अडकलेला. शेकाट्याच्या गुलाबी पायांचं पाण्यातलं प्रतिबिंब. प्रत्येकाच्या मागे हिरवा किंवा तपकिरी, लोण्यासारखा गुळगुळीत रंग. आणि बेट? एकाही फोटोत नव्हतं. पंधरा वर्षं मी ज्या जागेवर बसले, ती जागाच माझ्या फोटोंत नव्हती. ती मी मेहनत घेऊन पुसून टाकली होती. त्यालाच आपण 'क्लीन बॅकग्राउंड' म्हणत होतो आणि एकमेकांना शाबासकी देत होतो.

त्या काकांना द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. त्याची खंत मला अजून आहे.

तेव्हापासून मी उलटं करायला लागले. पक्षी लहान येऊ देते. फ्रेमच्या दहाव्या भागाएवढा, कधी त्याहूनही लहान. बाकी सगळं नांदूर: पाणी, पाणकणसं, मागचा ऊस, विजेचे खांब, मेंढरं, सायकलवरून दुधाचे कॅन घेऊन जाणारा माणूस. पूर्वी विजेची तार फ्रेममध्ये आली की मी जागा बदलायचे. आता तारेवर वेडा राघू बसला असेल तर तार दाखवते, कारण तो तारेवरच बसतो. हे तंत्राच्या दृष्टीने सोपं नाही. पक्षी फ्रेमभर असला की रचनेचा प्रश्नच मिटतो. तो लहान असला की उरलेल्या नव्वद टक्के जागेचं काय करायचं हे तुम्हाला ठरवावं लागतं. तिथे काढणाऱ्याची नजर दिसते.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: कॅमेरा बदलू नका, निदान एक पूर्ण वर्ष नको. तुमची लेन्स 'पोचत नाही' म्हणून तुम्हाला अपुरी वाटते. पण जो फोटो तुम्ही डिलीट करू शकला नाहीत, तो ती पोचली नाही म्हणूनच मिळालाय.

आणि कमीपणा वाटून घेण्यासारखं तिच्यात काही नाही. डी७००० चा सेन्सर लहान असल्याने तिच्यावर ३०० एमएमचा दृश्यकोन ४५० एमएमएवढा मिळतो. एफ/४ ला ती जितका प्रकाश आत घेते तो एफ/६.३ च्या झूमपेक्षा जवळपास अडीच पट आहे. सकाळी सव्वासहाला, उजेड फुटताना, हा फरक जाणवतो. दुसरा माणूस ३२०० आयएसओवर (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ती वाढवली की दाणे येतात) असेल तेव्हा तुम्ही १२५० वर असाल. डी७००० मध्ये १६०० पर्यंत मला काहीच अडचण वाटत नाही. ३२०० वर दाणे दिसतात, पण आताच्या नॉइज कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरने ते इतके सुधारतात की तुमचे २०१३ चे फोटोही त्यातून काढून बघा. मी माझे जुने काढले तेव्हा थक्क झाले.

नवीन कॅमेरे चांगले नाहीत असं मी म्हणणार नाही. उडत्या पक्ष्याचा डोळा आपोआप पकडणारा मिररलेस मी वापरून पाहिला आहे. ते खरंच विलक्षण आहे. खंड्याची बुडी, पाकोळीची भरारी हाच तुमचा ध्यास असेल तर वर्षभराने जरूर घ्या. पण आज घेतलात तर पहिले सहा महिने तुम्ही मेनू वाचाल आणि यंत्राची किंमत वसूल करायला निघाल. वसुली डोक्यात आली की पुन्हा ती जातींची यादी आली. मला नेमकी तिचीच भीती वाटते.

आता ते कपाटातलं सामान. इथे घाई करू नका. लेन्स इतकी वर्षं चामड्याच्या किंवा फोमच्या बंद बॅगेत असेल तर आधी बुरशी बघा. दोन्ही झाकणं काढा, खोलीत अंधार करा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि पुढून आत पाहा. धुळीचे ठिपके सुटे दिसतात, त्यांची काळजी नको. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, एका बिंदूपासून फांद्या फुटलेली. कडेला थोडी असेल तर फोटोवर फारसा फरक पडत नाही, पण ती वाढते, त्यामुळे साफ करून घ्या. स्वतः उघडू नका. आणि ती लेन्स साफ होईपर्यंत दुसऱ्या लेन्सच्या शेजारी ठेवू नका. पुढे ठेवायला महागडं कपाट लागत नाही. धान्याचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. काटा चाळीस-पन्नासच्या दरम्यान राहिला पाहिजे. नाशिकला उन्हाळ्यात काही करावं लागत नाही, पण जून ते सप्टेंबर दर आठवड्याला बघा. डांबराच्या गोळ्या त्यात टाकू नका.

बॅटरी फुगलेली असेल तर चार्ज करायला लावूच नका, नवी घ्या. कार्डही नवीन घ्या. कॅमेरा चालू केल्यावर घड्याळाचं चिन्ह लुकलुकत असेल, कारण आतली छोटी बॅटरी मुख्य बॅटरीवर चार्ज होते आणि ती केव्हाच संपलेली असणार. तारीख-वेळ नीट लावा. ही क्षुल्लक गोष्ट नाही, का ते पुढे सांगते. सेन्सरवर धूळ आहे का हे बघायला एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. काळे डाग सगळ्यात आधी तिथे दिसतील. रबराची पकड पांढरट किंवा चिकट झाली असेल, ते या बॉडीचं नेहमीचं आहे. पुसा आणि विसरून जा.

तुमच्या जुन्या ३०० ला व्हीआर, म्हणजे हादरे सावरणारी सोय, नाही आणि तिची ट्रायपॉडला जोडायची कॉलर पहिल्यापासून थोडी लेचीपेची. ट्रायपॉडवर ठेवूनही फोटो हलतो तो त्यामुळे. मी बीनबॅग वापरते. जुन्या जीन्सचा पाय कापून एक टोक शिवायचं, आत तांदूळ भरायचे, दुसरं टोक शिवायचं. बांधावर, गाडीच्या खिडकीवर, मनोऱ्याच्या कठड्यावर, कुठेही लेन्स त्यात रुतून बसते. हातात धरून काढणार असाल तर शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू नेऊ नका.

सुरुवात नांदूरपासून करू नका. हे ऐकून निराश व्हाल, पण ऐका. बोटं विसरलेली असतात. पक्षी उठतो आणि आपण डायल शोधत राहतो. मग वाटतं, आपलं वय झालं. वय झालेलं नसतं, सराव गेलेला असतो. पहिला दीड महिना घराजवळच्या पाण्यावर जा. सिडकोकडे राहत असाल तर नंदिनीवरचा एखादा पूल, गंगापूर रोडला असाल तर सोमेश्वरच्या बाजूचा गोदेचा काठ. हिवाळ्यात तिथे धोबी पक्षी हमखास असतात. धोबी हा सरावाचा पक्षी. सतत चालतो, शेपूट हलवतो, फार लांब जात नाही, आणि माणसांची त्याला सवय असते. एई-एल/एएफ-एल बटणाला एएफ-ऑन लावा, म्हणजे फोकस अंगठ्याने आणि शटर तर्जनीने. तुमच्या बॉडीत फोकसचे मधले नऊ बिंदू सगळ्यात भरवशाचे आहेत, कमी उजेडात तेवढेच वापरा. रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, तिचा बफर (फोटो कार्डावर जाण्याआधीची तात्पुरती जागा) दहा-अकरा फ्रेममध्ये भरतो, म्हणून शटर दाबून धरू नका. दोन-तीन, थांबा, परत दोन-तीन. सहाव्या-सातव्या फेरीला तुमच्या लक्षात येईल की डोळा फाइंडरला लावताना अंगठा आपोआप जागेवर गेलाय. मग नांदूर.

तिथली पक्ष्यांची मोठी गर्दी ऑक्टोबर ते मार्च. तुम्हाला परिसर ठाऊक आहे, तरी एक सांगते, कारण माझ्या लक्षात ते फार उशिरा आलं. नांदूर हे माणसांनी, नकळत, बनवलेलं पाणथळ आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमाशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंचनासाठी बंधारा बांधला. वरून येणारा गाळ त्यात साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या, आणि मग पक्षी आले. म्हणजे ज्या गाळामुळे बंधाऱ्याची साठवण कमी झाली, त्याच गाळावर हे अभयारण्य उभं आहे. आजही पाणी पाटाला सोडलं की आठवड्यात चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि बदकांच्या जागी तुतवार, शेकाटे दिसायला लागतात. तेव्हा शेत, पाट, मोटारी, होड्या फ्रेमबाहेर ठेवून काढलेलं नांदूर हे अर्धंच नांदूर आहे. पूर्वी मला ती अडचण वाटायची. आता मी तेच शोधत असते.

एक पट्टा निवडा. दोनशे पावलांचा बांध असला तरी चालेल. चापडगावच्या बाजूचे मनोरे सगळ्यांचे आहेत, तिथे रविवारी गर्दी असते. थोडं पुढे चालत जा, जिथे परवानगी आहे तिथवरच. आणि मग वर्षभर तिथेच. दर पंधरा दिवसांनी, शक्य असेल तर शनिवारी. मे महिन्यातही, पक्षी कमी असतानाही. गावातल्या गाइडला सोबत घ्या. जाती ओळखण्यासाठी तुम्हाला त्याची गरज नाही, पण गेल्या पंधरवड्यात पाणी किती खाली गेलं, कुठे नवीन पाणकणसं उगवली, हे त्यालाच माहीत असतं.

आपल्या त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट काढण्याआधी कुंडीत वाटाणा पेरून तो उगवताना चित्रित केला होता. कॅमेरा जागचा हलवला नाही, महिनाभर रोज थोडं थोडं. मला ती गोष्ट फार आवडते. एवढी मोठी स्वप्नं असलेला माणूस आधी एका कुंडीपाशी बसून राहिला.

उजेडाबद्दल थोडं. डिसेंबर-जानेवारीत सूर्य वर आल्यावर, साधारण नऊच्या पुढे, पाण्यावरची हवा थरथरायला लागते. लांबचा पक्षी कितीही चांगल्या लेन्सने काढा, कडा विरघळल्यासारख्या येतात. २०१४ मध्ये तुम्ही लेन्सला दोष देत असाल तर तो बहुतेक हवेचा होता. त्यावर महागड्या लेन्सचाही उपाय नाही. एक तर जवळचं काढा, नाहीतर त्या थरथरीचंच चित्र करा. धुक्यात कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर सगळं राखाडी करतं, म्हणून एक्सपोजर पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वर घ्या, नाहीतर धुकं धुराडं वाटतं. गडद पाण्यावर उन्हातला पांढरा चमचा पक्षी असेल तर उलट, तेवढंच खाली, नाहीतर पिसं जळतात आणि ती परत येत नाहीत.

एक सकाळ सांगते. जानेवारी २०२१, धुकं इतकं की मनोराही दिसत नव्हता. मी बांधावर पोटावर पडले होते, कोपरांना दवाने गारठा चढला होता. समोर पाण्यावर वारकऱ्यांचा, म्हणजे त्या काळ्या पाणपक्ष्यांचा, थवा, दोन-अडीचशे तरी असतील, काळे ठिपके सैल पसरलेले. नुसता आवाज यायचा, चोचींचा आणि पाण्याचा. मग अचानक तो आवाज बंद झाला. मी कॅमेऱ्यातून काहीच पाहिलं नव्हतं, कानांनी कळलं. आणि ते सगळे ठिपके एकमेकांकडे ओढले गेले, मुठीत दोरी आवळावी तसे. क्षणात एक काळी, घट्ट चटई. वरून धुक्यातून दलदली भोवत्या, पाणथळीवरचा शिकारी पक्षी, आला, पंख वर उचलून, अगदी सावकाश. वारकरी पाणी उडवायला लागले. तो एक घिरटी घालून निघून गेला. मी तीन फ्रेम काढल्या. फोटोत भोवत्या नखाएवढा आहे आणि वारकरी म्हणजे नुसता डाग. पण ती भीती त्यात दिसते. ६०० एमएमने मी भोवत्याचा डोळा काढला असता, आणि खाली काय चाललंय ते मला कळलंही नसतं.

नांदूरखेरीज दुसरीकडे जाऊच नये असं नाही. येवल्याजवळ ममदापूरच्या माळावर काळवीट आहेत. सकाळी लांबून, गवतासकट काढायला तुमची लेन्स अगदी योग्य आहे. गाडी रस्त्यावरून खाली उतरवू नका. म्हसरूळच्या वरचं बोरगड, २००८ मध्ये राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र झालेलं, पावसाळ्याच्या शेवटी बघण्यासारखं असतं. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडं आहेत. त्यांच्या घरट्यांच्या कपारींजवळ चढून जायचा मोह आवरा. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने त्यांची जी वाताहत झाली त्यातून ती अजून सावरायची आहेत. खालून, सगळा कडा फ्रेममध्ये घेऊन काढा. त्या कड्यापुढे एवढं मोठं गिधाडही केवढंसं वाटतं, ते फोटोत येऊ द्या.

आणि बिबट्या. आपल्याकडे तो उसात असतो, द्राक्षबागेत येतो, कधी वस्तीतही शिरतो. अशी बातमी आली की कॅमेरे घेऊन लोक धावतात. कृपा करून जाऊ नका. घाबरलेल्या, चहूबाजूंनी कोंडलेल्या जनावराचा फोटो हा वन्यजीवनाचा फोटो नव्हे. वनविभागाच्या लोकांना तिथे हवी असते ती मोकळी जागा आणि शांतता. आपण त्या दोन्ही घेतो.

हे मी अधिकाराने सांगत नाही. माझ्या हातून झालंय म्हणून सांगते. एप्रिल २००६, सिन्नरच्या पुढे एका माळावर टिटवीची चार अंडी दिसली. खड्यांत खडे मिसळावेत तशी. मी पंचवीस पावलांवर बसले, म्हटलं ती येऊन बसेल तेव्हा काढू. ऊन चढत होतं. टिटवी ओरडत घिरट्या घालत होती, उतरत होती, चार पावलं यायची, परत उडायची. मला वाटलं, येईलच आता. चाळीस मिनिटं मी तिथे होते. मेंढरं घेऊन चाललेले एक बाबा थांबले. माझ्याकडे न बघता, घरट्याच्या दिशेने बघत म्हणाले, "तुम्ही इथं बसेल आहे म्हणून ती बसत नाही. अंडी शिजली ना, बाई." मी उठले. गाडीपाशी पोचून वळून पाहिलं तर ती धावत अंड्यांवर गेली. ती भर उन्हात पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. वाचलेलं असूनही मी चाळीस मिनिटं बसले होते. पुढच्या आठवड्यात मी तिकडे गेले, तेव्हा तिथे ना टिटवी होती, ना अंडी. माझ्यामुळेच, असं ठामपणे म्हणता येणार नाही. पण त्यानंतर मी घरट्यांचे फोटो कायमचे बंद केले. तुम्हीही करा. घुबडांची ढोली, पिंगळ्याचं झाड, यांची जागा कुणालाही कळवू नका, फोटोसोबत लोकेशनही जाऊ देऊ नका. अभयारण्यात ड्रोनचा तर प्रश्नच नाही.

आता तुमचा अवघड प्रश्न: इतके फोटो आधीच आहेत, मग मी का काढू?

चमचा पक्ष्याचे फोटो भरपूर आहेत हे खरं. त्याची चोच, त्याचा तुरा, त्याची नजर, सगळं काढून झालंय, आणि तुमच्यापेक्षा चांगलं काढून झालंय. पण चापडगावच्या त्या दोनशे पावलांच्या बांधावरून, एका वर्षाच्या चोवीस सकाळी, पाणी चढताना आणि उतरताना कुणी काढलेलं मला तरी माहीत नाही. तारीख-वेळ नीट लावा म्हटलं ते यासाठी. घरी आल्यावर एका वहीत चार ओळी लिहा: पाणी कुठवर होतं, वारा कसा होता, कोण भेटलं, काय ऐकलं. पक्ष्यांची संख्या लिहिलीत तर उत्तम, ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही टाका, ती कुणाच्या तरी कामाला येते. पण वही आधी.

सहा महिने कुणाला फोटो दाखवू नका. घरच्यांना दाखवा, बाहेर नको. मी परत आले तेव्हा हा नियम स्वतःला घालून घेतला आणि पहिल्या महिन्यात फार जड गेला. फोटो काढतानाच मनात ऐकू यायचं, हा आवडेल, हा नाही आवडणार. तिसऱ्या महिन्यात तो आवाज बंद पडला. त्यानंतर मी जे काढलं ते पाहून मलाच आश्चर्य वाटायचं, कारण ते कुणासारखंच नव्हतं, माझ्या जुन्या फोटोंसारखंही नव्हतं.

दर महिन्याला एक फोटो छापून घ्या. कॉलेज रोडला किंवा मेन रोडला एखाद्या जुन्या लॅबवाल्याकडे, आठ बाय बाराचा, मॅट. स्क्रीनवर लहान पक्षी हरवतो, कागदावर सापडतो. बारा महिन्यांचे बारा प्रिंट भिंतीवर ओळीने लावा. त्या वारकऱ्यांच्या फोटोचा एक प्रिंट मी होडीवाल्या काकांना नेऊन दिला. बेटाचा देऊ शकले नव्हते, म्हणून. त्यांनी भोवत्याकडे पाहिलंही नाही. धुक्यात डावीकडे काठाची एक पुसट रेघ होती, तिच्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा आपला उतार. औंदा पाणी इथवर होतं."

तेव्हा दीड महिन्याचा सराव झाला की पहिल्या शनिवारी हे करा. २०१२ चा तो फोटो छापून घ्या, खिशात घाला, आणि नांदूरला जा. कॅमेरा गाडीत राहू द्या. फोटो हातात धरून बांधावर चालत राहा, तो बांध, तो काठ, मागची झाडं जुळेपर्यंत. झाडं वाढली असतील, एखादं तुटलंही असेल, बेट हललं असेल, म्हणून वेळ लागेल. जागा सापडली की तिथे एक खूण लक्षात ठेवा. दुसऱ्या शनिवारी उजाडायच्या आत तिथे बीनबॅग ठेवा आणि आधी अर्धा तास नुसतं ऐका.